घोरपड्या डोंगरावरचे सरदार

ही हकीकत सन २०२३ ची आहे. साल आधीच नीट सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी विचारलं तेव्हा प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि प्रत्येकाच्या मोबाइलने त्याला दुजोरा दिला. मी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तिथे गावभराचे नंबर पाठ ठेवावे लागत. त्या मानाने सालं सोपी.

आमच्या मंडळाचं नाव 'रविवार डोंगर मंडळ'. स्थापना ११ जून १९७८, वार अर्थातच रविवार. नाशिकहून दिंडोरी रोडने म्हसरूळ मागे टाकलं की पुढे घोरपड्या नावाचा एक डोंगर लागतो. फार उंच नाही, वर देऊळ नाही, किल्ला नाही. त्यामुळे तिथे कुणाचं पोस्टर नव्हतं. दर रविवारी पहाटे चढायचं, माथ्यावरच्या दगडाखाली पत्र्याच्या डब्यात वही असे तिच्यात सही करायची आणि उतरायचं. एवढाच कार्यक्रम. अध्यक्ष गोविंदराव हे पाटबंधाऱ्यातले निवृत्त अभियंते. त्यांचं तत्त्व होतं, 'सही म्हणजे चढाई'. ज्याची सही नाही तो वर गेलाच नाही. १९८४ साली एका सभासदाने एकाच रविवारी चार रविवारच्या सह्या करून ठेवल्या होत्या. आम्ही त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. आता वाटतं, बिचाऱ्यावर अन्याय झाला. तेव्हा लबाडी करायलासुद्धा वर चढून जावं लागत होतं.

२०२३ पर्यंत आम्ही अकरा जण उरलो होतो. त्या जूनमध्ये आल्हाद आला. वय अडतीस, नोकरी कॉम्प्युटरची, छंद पक्ष्यांचा. गळ्यात कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला कुकरएवढं भिंग. त्याने मोबाइल पुढे धरला.

"लतिकामावशी, हा 'शिखरवीर'. खेळ आहे, पण घरी बसून खेळायचा नाही. प्रत्यक्ष जागेवर जावं लागतं."

"म्हणजे काय करायचं?"

"डोंगर चढायचा."

"ते आम्ही पंचेचाळीस वर्षं करतोय."

"हो, पण तुम्हाला तुरे कुठे मिळतात?"

मी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला.

खेळ सोपा होता. डोंगरावर ठरावीक जागी मोबाइल पोचला की पडद्यावर फेट्याचा तुरा उगवायचा आणि आपोआप तुमच्या नावावर जमा व्हायचा. दहा तुऱ्यांना नाईक, शंभराला हवालदार, हजाराला सरदार. डोंगरावर सगळ्यांत जास्त तुरे ज्याचे, तो त्या डोंगराचा सरसेनापती. कोण कुठे आहे हे नकाशावर निळ्या ठिपक्यांनी दिसायचं, तेही साऱ्या गावाला.

दोन महिन्यांत आमचे सभासद तीनशे चाळीस झाले. गिर्यारोहक आले, सायकलवाले आले, फुलपाखरूवाले आले, आणि नुसत्या हवेसाठी येणारे तर फारच आले. सगळे माना खाली घालून चढत. जुलैत एका सकाळी हिवराच्या फांदीवर नवरंग येऊन बसला. पावसाळ्यात येणारा तो पाहुणा. त्याच्या एका दर्शनासाठी पूर्वी आम्ही तीन-तीन रविवार झुडपात बसायचो. त्याच्याखाली चौदा पक्षीनिरीक्षक उभे होते. नवरंग दोनदा ओरडला. एक जण मान वर न करता म्हणाला, "कुणाची तरी रिंगटोन वाजतेय, बघा."

तरीही मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. अकरा म्हाताऱ्यांच्या मंडळात तीनशे चाळीस माणसं आली की आरडाओरडाही गोड लागतो.

ऑगस्टमध्ये गोविंदरावांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. ते हवालदार होते, आणि सरदारकीला बावन्न तुरे कमी होते. वॉकर धरूनच त्यांनी आपल्या दिवाणखान्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलावली आणि ठराव मांडला. तो मला जशाच्या तसा पाठ आहे: 'सहीची वही कालबाह्य झाल्यामुळे ती बंद करण्यात येत आहे. यापुढे तुरा हाच चढाईचा पुरावा धरला जाईल. तुरा मोबाइलला मिळत असल्याने, मोबाइल चढला की सभासद चढला असे समजण्यात यावे.'

"हरकत?" गोविंदरावांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "मोबाइलला पाय नाहीत."

"लतिकाताई, हा तपशील झाला. तत्त्वाला तुमची हरकत आहे का?"

तत्त्वासाठी मीही हात वर केला. ठराव मंजूर झाला. दिवाणखान्यात सगळ्यांनी हायसं वाटून पाय लांब केले. सगळ्यांचेच गुडघे दुखत होते, अगदी तिशीतल्यांचेसुद्धा.

आता मोबाइल वर न्यायचे कुणी? डोंगरावर रोज न चुकता जाणारी व्यक्ती एकच होती. सगुणाबाई. पायथ्याच्या वाडीवर राहणारी, साठीची, एकोणीस शेळ्यांची मालकीण. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी सासरी नांदगावला. सकाळी सहाला शेळ्या घेऊन वर जायची, नऊला खाली. घोरपड्यावरचा पाला होता म्हणून तिच्या शेळ्या होत्या आणि शेळ्या होत्या म्हणून ती कुणाच्या दारात उभी नव्हती. आमच्या वहीत तिने कधी सही केली नाही. करायला हवी, असं आम्हाला कधी वाटलंही नाही.

गोविंदरावांनी तिच्या हाती मोबाइल दिला.

"यात काय करू?"

"काही करायचं नाही. फक्त वर जाऊन ये."

"आन तुमी?"

"मी यातूनच जातो."

सगुणाबाईने मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. "लय बारीक झाले म्हनायचे अध्यक्ष," ती म्हणाली आणि तो तांबडी नावाच्या शेळीच्या गळ्यात बांधला.

दुसऱ्या दिवशी सहा मोबाइल आले, आठवड्याने साठ. दर मोबाइलमागे हिरव्या घासाची एक जुडी, असा व्यवहार ठरला. शेळ्यांना तो मान्य झाला. पण गाठोड्यात मोबाइल एकमेकांवर घासायला लागले, पडद्यांना चरे पडायला लागले, आणि सभासदांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. तेव्हा कप्प्यांच्या पिशव्या शिवायचं काम मी केलं. होय, मीच. खणाच्या जुन्या चोळ्या उसवून, शेळीगणिक अठरा कप्पे. माझ्या शिवणाला इतकी मागणी आयुष्यात कधी आली नव्हती. एकोणीस शेळ्या, तीनशे बेचाळीस कप्पे. शेळीवर भार साडेतीन किलो. उरलेल्या दोन कप्प्यांवर गोविंदरावांनी 'मान्यवर' असं भरतकाम करून घेतलं.

मग रविवारची चढाई रोजची झाली आणि नवी पद्धत बसली. पहाटे पावणेसहाला गावातून गाड्या निघायच्या. दहा-बारा किलोमीटर येऊन, डोंगराच्या पायथ्याशी मोबाइल शेळीच्या हवाली करून मंडळी मिसळ खायला परत फिरायची. पायात पाचशे ग्रॅमचे बूट, डोक्यावर टोपी, पाठीवर पाण्याची पिशवी; तिची नळी तोंडात धरून मिसळीचा तिखटपणा मारायची. नऊला परत येऊन मोबाइल घ्यायचे, तुरे मोजायचे आणि एकमेकांना विचारायचं, "आज दम लागला ना जरा?"

"हो, शेवटचा चढ अवघड आहे."

सप्टेंबरात तर कहर झाला. घोरपड्याच्या उत्तरेच्या कड्यावर एक सोनेरी तुरा होता. फूटभर रुंद कपार, खाली तीनशे फूट मोकळी हवा. खेळ बनवणाऱ्यांनी तो बहुधा चुकून ठेवला असावा. कपारीत कोवळं बोरीचं झुडूप होतं आणि तांबडीला बोरीचा पाला आवडतो. त्या सकाळी तिच्या गळ्यातल्या मोबाइलांपैकी आल्हादच्या खात्यात आधीच सगळ्यांत जास्त तुरे होते. सोनेरी तुऱ्याने तो सरसेनापती झाला. एका स्थानिक पुरवणीने त्याची मुलाखत घेतली.

"कड्याच्या टोकावर उभं असताना मनात काय होतं?"

"ते शब्दांत नाही सांगता येणार," आल्हाद म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. त्या वेळी त्याच्या तोंडात पाव होता.

मुलाखतीतला फोटो एका कार्यालयाने कात्रण करून फाइलला लावला. कार्यालयाचं नाव 'टेकडी व्यवस्थापन कक्ष'. हा कक्ष नेमका कुणाच्या हाताखाली येतो, हे तिथल्या शिपायालाही माहीत नव्हतं. पण पाटी होती, शिक्का होता आणि भिंतीवर मोठा पडदा होता. पडद्यावर त्यांना दिसलं की रोज सकाळी सात वाजता तीनशेवर नागरिक डोंगरावर असतात आणि त्यांतले अठरा फूटभर कपारीवर उभे असतात. एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याची झोप उडावी असंच ते दृश्य होतं. अधिकारी जबाबदार होते. आठ दिवसांत नोटीस निघाली, आणि ती आली सगुणाबाईला.

'विषय: घोरपड्या डोंगरावरील नागरिकांच्या गर्दीस शेळ्यांपासून उद्भवणाऱ्या धोक्याबाबत. सदर डोंगराची वहनक्षमता चाळीस व्यक्ती इतकी आहे. प्रत्यक्षात तेथे दररोज तीनशे एकेचाळीस व्यक्ती आढळतात. अशा गर्दीत जनावरे सोडल्यास चेंगराचेंगरी संभवते. सबब आपली जनावरे पंधरा दिवसांत डोंगरावरून कायमची हटवावीत.'

सगुणाबाई नोटीस घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवली.

"ताई, डोंगर बंद झाला तर चारू कुठं? समदीकडं द्राक्षाचे बाग. तारेच्या आत औषध मारलेलं. एक पान खाल्लं तर शेळी फुगून मरती."

"आपण साहेबांना भेटू."

"दिंडोरीच्या बाजारात व्यापाऱ्यानं इचारून ठेवलंय. सोमवारी एकोनीस बी घेतो म्हनला." तिने नोटिशीची घडी घातली. "तांबडीला म्या बाटलीनं दूध पाजून वाढिवलंय."

आम्ही तिघं गेलो. सगुणाबाई, मी आणि गोविंदराव; शेळ्या त्या दिवशी वाडीतल्या एका पोराबरोबर उशिरा वर गेल्या होत्या. कक्ष दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट दुरुस्तीवर. अधिकाऱ्यांचं नाव शेखरसाहेब. नीटनेटके, मृदू बोलणारे, टेबलावर एकही कागद नसलेले.

"साहेब, वर माणूस नसतो," मी सुरुवात केली. "फक्त शेळ्या असतात."

"बाई, हे बघा." त्यांनी पडदा दाखवला. घोरपड्यावर निळ्या ठिपक्यांचा बुजबुजाट होता. "हे कोण मग?"

"त्ये समदे माह्या शेळ्यांच्या गळ्यात हायेत," सगुणाबाई म्हणाली.

शेखरसाहेबांनी पेन उचललं. "म्हणजे शेळ्यांनी नागरिकांचे मोबाइल पळवले, असं तुमचं म्हणणं आहे? मग हा वेगळा विषय होतो."

"न्हाय वो! लोकांनीच बांधले."

"आपण स्वतः रोज वर असता?"

"तीस वर्सं झाली."

"पडद्यावर कुठे दिसत नाही आपण."

आता एकच वाक्य पुरेसं होतं, आणि ते गोविंदरावांनी बोलायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मंडळाला त्या वर्षीचा 'सर्वाधिक चढाई' चषक जाहीर झाला होता. गोविंदरावांनी घसा खाकरला, गुडघ्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "मी रोज चढतो. शस्त्रक्रियेनंतर तर जास्तच."

"अध्यक्ष," सगुणाबाई हळूच म्हणाली, "आत्ता दोन जिने चढताना माह्या खांद्यावर कुनाचा हात व्हता?"

"तो आधार नव्हता, बाई. आपुलकी होती."

शेखरसाहेब समाधानाने हसले. "झालं तर. मात्र अध्यक्ष, तुमचे सभासद किती?"

"तीनशे चाळीस."

"पडद्यावर तीनशे एकेचाळीस आहेत. म्हणजे एक इसम अनधिकृत. त्याला मी सोडणार नाही." त्यांनी यादी उघडली, बोटाने खाली-खाली सरकवली आणि थांबले. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. तिथे त्यांचंच नाव होतं, हुद्दा नाईक.

"साहेब, हे तुम्ही का?"

"तो दुसरा मोबाइल. चालकाने कुठे दिला कोण जाणे." ते पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे मी आत्ता डोंगरावर आहे. स्थळपाहणी आपोआप झालीच म्हणायची."

"तुम्ही इथे खुर्चीत आहात, साहेब."

"त्याची नोंद कुठे आहे?"

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. पायथ्याशी स्वयंचलित फाटक बसवायचं. फाटक मोबाइल ओळखेल. नोंदणी असलेल्याला आत सोडेल, नसलेल्याला अडवेल आणि चाळीस भरले की बंद होईल. "शेळ्यांची नोंदणी नाही, त्यामुळे त्या बाहेर राहतील. कुणावर अन्याय नको. जे काय ते यंत्र ठरवेल."

"आन यंत्रानं अडवलं तर?"

"तर आपण सोमवारी बाजार गाठावा," साहेब अतिशय मृदूपणे म्हणाले.

रविवार, ८ ऑक्टोबर. फाटक उभं राहिलं होतं. स्टीलचं, पोटाएवढ्या उंचीचं, फिरत्या दांड्यांचं, वर कर्णा. पायवाटेवर मधोमध ते एकटंच उभं होतं. दोन्ही बाजूंना कुंपण नव्हतं. कुंपणाचा प्रस्ताव वेगळ्या फाइलमध्ये होता. डावीकडे करवंदीची जाळी, उजवीकडे मोकळा माळ. उद्घाटनाला सगळे सभासद फेटे बांधून आले होते. उद्घाटनाची चढाई हुकू नये म्हणून त्यांनी पहाटेच मोबाइल शेळ्यांवर चढवले होते. सगुणाबाईने नव्वारीचा ओचा खोचला होता. व्यापाऱ्याचा टेम्पो रस्त्यावर येऊन उभा होता. त्याने दिवस वाचवायचं ठरवलं होतं.

फीत कापली. पहिली बिजली नावाची शेळी फाटकात शिरली. एक शिट्टी वाजली, दांडा फिरला आणि कर्ण्यातून गोड आवाज आला, "सरदार डॉक्टर यशश्रीताई यांचे हार्दिक स्वागत." अशी एकामागून एक अठरा स्वागतं झाली. टाळ्या पडल्या. बिजली डोंगर चढू लागली. सगुणाबाईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"गेली की वो, ताई!"

दुसरी रंभा, एका शिंगाची. "नाईक शेखरसाहेब यांचे हार्दिक स्वागत," कर्णा म्हणाला. साहेब नकळत ताठ उभे राहिले. रंभेने वाटेत लेंड्या टाकल्या. कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तिसरी तांबडी. सरसेनापती आल्हाद, हवालदार गोविंदराव आणि आणखी दोघांचं स्वागत झालं. छत्तीस आणि चार, चाळीस. दांडा खाडकन तांबडीच्या बरगडीवर आला. पुढचे पाय आत, मागचे बाहेर.

"डोंगर भरला आहे," कर्णा म्हणाला. "कृपया उद्या यावे."

तांबडी ओरडायला लागली. वर चढलेल्या दोघी तिचा आवाज ऐकून ओरडायला लागल्या. त्यांच्या मागे ना कळप ना गुराखी. सगुणाबाई फाटकाकडे धावली. तिच्या कनवटीला बटणाचा साधा फोन होता. कर्ण्याने त्याची दखलही घेतली नाही.

"थांबा, आपली नोंदणी?" शेखरसाहेब आडवे आले.

"सायेब, वर बिबट्या हाय! परवाच वाडीतून कुत्रं नेलं त्यानं! दोघी एकट्या हायेत!"

"घाबरू नका. बिबट्याची नोंदणी नाही, त्याला प्रवेश नाही."

हे त्यांनी इतक्या विश्वासाने सांगितलं की दोन-तीन सभासदांनी मान डोलावली. आल्हादने तर सुस्कारा सोडला. गोविंदराव वॉकर टेकून म्हणाले, "तांबडीला कुणी आत तरी ढकला हो. माझे तीनच तुरे राहिलेत."

सगुणाबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून तिने तांबडीच्या गळ्यातली पिशवी सोडली. म्हणजे सोडायला लागली. गाठ माझी होती, पक्की, एक्स्चेंजच्या वायरीसारखी. मी पुढे झाले आणि ओढली. पिशवी गळून पडली. हलकी झालेली तांबडी मागे सरकून दांड्याखालून निसटली, अंग झाडलं आणि फाटकाला वळसा घालून करवंदीच्या जाळीतून सरळ डोंगराकडे चालू लागली. सहा पावलं. बस्स.

शिट्टी वाजली नाही. कर्णा बोलला नाही.

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. खाली बसून आम्ही एकेक गाठ सोडायला लागलो. सोळा पिशव्या गवतावर पडल्या, आणि सोळा शेळ्या फाटकाच्या बाजूने निघून गेल्या. त्यांच्यामागून सगुणाबाई, तिच्यामागून मी. माझा मोबाइल घरी चार्जिंगला होता. तीनशे चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत आम्ही गेलो.

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, त्या गेल्या!"

शेखरसाहेबांनी हातातला पडदा पाहिला. चाळीस ठिपके होते, चाळीसच राहिले. "कोण गेलं?" ते म्हणाले. "कोणी गेलेलं नाही."

बिजली आणि रंभा पहिल्याच सपाट टेपावर, एका खडकाला पाठ लावून उभ्या होत्या. सगुणाबाईने दोघींच्या माना कुरवाळल्या, एक शिवी हासडली आणि त्यांच्याही पिशव्या सोडल्या. मग आम्ही माथ्यापर्यंत गेलो. हवा स्वच्छ होती, रामशेज किल्ल्याचा माथा समोर दिसत होता. त्या महिन्यात तोवर घोरपड्यावर माणसं चढली ती आम्ही दोघीच.

खाली आल्यावर सगुणाबाईने दोन्ही पिशव्या साहेबांच्या पायाशी ठेवल्या.

"घ्या तुमची मानसं," ती म्हणाली. "जपून ठेवा. रातच्याला थंडी पडती."

टेम्पो रिकामा परत गेला. साहेबांनी आठवडाभर पडदा पाहिला. डोंगरावर एकही ठिपका उगवला नाही. मग अहवाल गेला: 'फाटकामुळे घोरपड्या डोंगर पूर्णतः गर्दीमुक्त व शेळीमुक्त झाला असून सदर नोटीस निकाली काढण्यात येत आहे.' ज्या वेळी ते सही करत होते त्या वेळी एकोणीस शेळ्या वर चरत होत्या.

सभासदांचे मात्र अकरा दिवस फार वाईट गेले. तुरे थांबले, मग होते तेही गळायला लागले, सरदारांचे हवालदार झाले. दोघांनी तर कंटाळून स्वतः डोंगर चढला. त्यातल्या एकाने माथ्यावरून मला फोन केला, "काकू, पोचलो. आता वर काय करायचं असतं?" मी म्हटलं, "बस थोडा वेळ." तो म्हणाला, "बरं," आणि लगेच उतरला. शेवटी कक्षानेच मार्ग काढला. माथ्यावर पत्र्याची एक खोली बांधली, आत फळ्या, फळीवर कप्पे, कप्प्यात चार्जिंग. नाव 'मोबाइल विसावा केंद्र'. एकदा मोबाइल तिथे ठेवला की माणूस कायमचा शिखरावर.

पुढे सगळ्यांचं चांगलंच झालं. गोविंदराव सरदार झाले, चषक त्यांच्या दिवाणखान्यात वॉकरशेजारी आहे. 'पंचाहत्तरीतही रोज माथ्यावर' या विषयावर ते शाळांमधून बोलतात. शाळा तळमजल्यावर असेल तरच जातात. आल्हाद पुण्याला बदलून गेला, पण घोरपड्याचा सरसेनापती अजून तोच आहे. परवा म्हणाला, "मावशी, नाशिकची फार आठवण येते. बरं आहे, मी तिथेच असतो." शेखरसाहेबांना बढती मिळाली. त्यांच्याकडे आता चार डोंगर आहेत, आणि ते एकाच वेळी चारही डोंगरांवर हजर असतात. फाटक गंजलं, तांबडीला पाठ खाजवायला ते आवडतं. तिला गेल्या पावसाळ्यात जुळी करडं झाली. एकोणिसांच्या सव्वीस शेळ्या झाल्या आहेत, आणि सरकारदरबारी त्यांतली एकही नाही, त्यामुळे त्या खाऊनपिऊन सुखी आहेत. सगुणाबाई दर रविवारी खाली माझी वाट पाहते. मी आता पाऊण तास जास्त घेते. ती शेळ्या हळू हाकते.

गेल्या रविवारी मी विसावा केंद्रात डोकावले. कप्प्यांवर चिकटवलेली नावं वाचत गेले. पाचशे कप्पे भरत आलेत. तिसऱ्या फळीवर, उजवीकडून चौथ्या कप्प्यात तुमचं नाव दिसलं. लाजू नका, तुम्ही चांगल्या सोबतीत आहात. पडद्यावर घरून निरोप आला होता, 'आज पुन्हा डोंगरावर? कमाल आहे हं तुमची!' त्याखाली तुमच्या बेचाळीस मित्रांनी उंच केलेले अंगठे. मला आनंद झाला. एवढ्या वर्षांनी माथ्यावर ओळखीचं कुणी भेटलं, म्हणून मी बाहेर येऊन तुमच्या नावाने चांगली मोठ्याने हाक मारली.

एका करडाने ओ दिली.